वरुणेपलीकडची सही

ब्रह्माघाट, काशी.
कोजागिरीचा दुसरा दिवस, दुपार.

तीर्थरूप पद्माअक्कास, तुझ्या धाकट्या आणि तुझ्याच शब्दांत सांगायचं तर बसक्या भावाचा, नरहरचा, शिरसाष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? डावा जास्त दुखतो की उजवा हे तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस, पण त्याच ओळीवर माझा चहाचा पेला टेकला आणि नेमका गुडघाच पुसला गेला. तेव्हापासून मी रोज सकाळी गंगेला दोन्ही गुडघ्यांसाठी वेगवेगळा नमस्कार करतो. विशू, सूनबाई आणि तुझी मांजर खुशाल असतील. इकडे सौ. शरदिनीचं पथ्य चालू आहे, म्हणजे ते मी पाळतो आणि ती सांगते. बकुळ बरी आहे. बकुळबद्दलच लिहायचं आहे, पण मी तिथवर माझ्या चालीने येईन, घाई करू नकोस.

फोन का केला नाहीस, असं तू म्हणशील. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला तू बोलू देत नाहीस. (रागावू नकोस, मोठी आहेस, तुझा तो हक्कच आहे.) पत्रात मी एकदा सुरू झालो की तुला शेवटपर्यंत थांबावंच लागतं. शिवाय ही हकीकत ओरडून सांगण्यासारखी नाही. आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून आहे, मी इथे शिंकलो तर समोरच्या खिडकीतून आशीर्वाद येतो.

तर बातमी अशी, अक्का, की मी वरुणा ओलांडली. हे वाचून तू चष्मा काढून पदराने पुसलास आणि पुन्हा लावलास, ते मला इथून दिसतंय. अक्षर तेच राहील. पाच वर्षांपूर्वी रेल्वेतून निवृत्त झालो त्याच महिन्यात मी क्षेत्रसंन्यास घेतला होता, म्हणजे मरेपर्यंत काशीची वेस ओलांडायची नाही, असा हातात गंगाजल घेऊन संकल्प सोडला होता. विशूच्या लग्नाला मी आलो नाही तो त्याच कारणाने. तेव्हा तू धाडलेलं कार्ड अजून माझ्या कपाटात आहे. त्यात आशीर्वाद नाही, हालहवाल नाही, नुसता ‘बरं’ एवढा एक शब्द आहे. बत्तीस वर्षं कँट स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीत बसून लोकांचे आरडाओरडे ऐकले, पण त्या एका शब्दाइतकं कोणी मला बोललं नव्हतं.

आता काशीची वेस नेमकी कुठे, यावर शास्त्रीमंडळींचं एकमत नाही. पंचक्रोशीची वेस धरली तर ती चांगली ऐसपैस आहे, तिच्यात राहून माणूस आयुष्यभर पुण्यही मिळवेल आणि सगळी सरकारी कामंही उरकेल. मी मात्र आमच्या ढुंढिराजशास्त्र्यांना म्हटलं, मला लहान वेस घाला, उत्तरेला वरुणा नदी, दक्षिणेला असी, बस्स. माझं वैराग्य पाहून त्यांना गहिवरून आलं. (वैराग्य होतंच. पण माझा साडू असीच्या पलीकडे, विद्यापीठाच्या फाटकाजवळ राहतो, दर रविवारी जेवायला बोलावतो आणि वरणभातापासून ताकापर्यंत आपल्या मूतखड्याची हकीकत सांगतो, हे शास्त्रीबुवांना ठाऊक नव्हतं.) एकंदरीत वेस मला फार मानवली. सकाळी स्नान, मग रामघाटापर्यंत रमतगमत फेरी, मग आपली ठरलेली पायरी. नाव जाते, नाव येते. मी हलत नाही. ज्या माणसाने बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या सांगितल्या त्याला न हलण्याचं सुख काय असतं, ते तुम्हा इंदूरकरांना कळायचं नाही.

आणि त्या सुखात आमच्या लेकीने खडा टाकला. बकुळला हॉलंडमधल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. विषय, आंतरराष्ट्रीय अभ्यास. घाटावरच्या मंडळींनी मला या विषयाचा अर्थ विचारला तेव्हा मी म्हटलं, देशादेशांचे आपसातले संबंध.  मग एक जण म्हणाला की, ते तर इथेच बसून दिसतं, नेपाळी घाटावर नेपाळी, केदारघाटावर मद्रासी, ही पोरगी बाहेर जाऊन आणखी काय बघणार? दुसरा म्हणाला, संबंध शिकायला पैसे कशाला, लग्न करून द्या, सगळे संबंध आपोआप कळतात. मी हसलो, पण घरी येऊन ते बकुळला सांगितलं नाही. तेवीस वर्षांची आहे, नाकावरचा राग आणि तल्लख डोकं दोन्ही तुझ्यावर गेलंय. प्रवेशाची चिठ्ठी आली त्या दिवशी ती गच्चीवर एकटीच जाऊन उभी राहिली होती. शरदिनी कपडे काढायला वर गेली तर पोरगी नदीकडे बघत स्वतःशीच हसत होती म्हणे.

हसण्याची किंमत अठरा लाख. एवढं कर्ज घ्यायचं, वर्षभर शिकायचं, आणि पुढे महिन्याला जो हप्ता पडेल तो माझ्या पेन्शनपेक्षा थोडा मोठा. दुसऱ्या पारड्यात नदीकाठच्या एका हॉटेलातली नोकरी, परदेशी पाहुण्यांची व्यवस्था बघायची, महिना बावीस हजार, दुपारचं जेवण फुकट, घरून पायी दहा मिनिटं. दिवाळीच्या आत दोघांनाही उत्तर द्यायचं. शरदिनी म्हणाली, यात तोलायचं काय आहे? बकुळ म्हणाली, तोलून तर बघू. मग आम्ही तिघं मटार सोलत (म्हणजे त्या सोलत होत्या, मी खात होतो) तोलायला बसलो.

देणं किती ते बँकेने पैशापर्यंत सांगितलं होतं. मिळकत किती, इथे गाडी अडली. डॉक्टर झालं की इतके, इंजिनिअर झालं की तितके, हे गल्लीतल्या गाईलाही पाठ आहे. पण आंतरराष्ट्रीय अभ्यास करून माणूस किती मिळवतो? बकुळने तिच्या आधी गेलेल्या मुलामुलींना विचारून विचारून माहिती जमवली होती. एक जण जिनिव्हाला एका एवढ्या मोठ्या संस्थेत आहे की नाव ऐकून छाती फुगावी, पण तिथे त्याला पगार देत नाहीत, अनुभव देतात. (बँक हप्त्यात अनुभव घेते का ते विचारा, असं शरदिनी.) एक दिल्लीत कागदपत्रांची भाषांतरं करतो आणि चौघांत एक खोली घेऊन राहतो. एक मुलगी खरोखर चांगलं कमावते, हप्ता भरून आईला पैसे पाठवते. आणि एक जण शिकून परत आला तो थेट बापाच्या साडीच्या दुकानात बसला. तो फ्रेंच बायकांना फ्रेंचमधून बनारसी शालू विकतो आणि या सगळ्यांत तोच सुखी आहे, असं बकुळ म्हणाली.

शेवटी मी माझ्या धंद्याची रीत काढली. वेळापत्रकात सुटण्याची वेळ असते आणि पोचण्याची वेळ असते. सुटण्याची वेळ ही वस्तुस्थिती, पोचण्याची वेळ ही रेल्वेची सदिच्छा. खिडकीत बसणारा प्रत्येक जण हे जाणून असतो, फक्त तोंडावर आणत नाही. कर्ज हे सुटण्याच्या रकान्यात, मिळकत पोचण्याच्या. म्हणून मी सगळी मिळकत उशिराने धरली. नोकरी वर्षभर उशिरा, पगार ऐकला त्याच्या निम्मा, मधे एकदोनदा गाडी आउटर सिग्नलला उभी, हेही धरलं. तरी पोचते का? पोचत होती, अक्का. रडतखडत, मुगलसराईला तासन् तास खोळंबून, पण बकुळ पस्तिशीला यायच्या आत कर्ज फिटत होतं. ते पाहून पोरीचा चेहरा असा काही उजळला की मला भीतीच वाटली. मी आपला गंमत म्हणून हिशेब मांडायला बसलो होतो. तो जुळेल असं मला वाटलं नव्हतं.

त्या दिवसापासून मला बसल्या पायरीवर स्वप्नं पडायला लागली. डोळे उघडे, पाणी समोर, आणि त्या पाण्यातच दुसरं पाणी दिसे. हॉलंडला म्हणे गावभर कालवे आहेत, घरं थेट पाण्यातून उगवतात, नावा आहेत, पूल आहेत, भुरभुर पाऊस आहे. त्या पुलावरून बकुळ सायकलवर चालली आहे, पुढच्या टोपलीत कोबीचा गड्डा, गळ्यात मफलर. आणि मी काठावर बसलोय. पण तिथल्या काठाला पायऱ्या नाहीत, त्यामुळे पाय कुठे टेकावेत ते मला कळत नाही. मी तिला हाक मारतो, तर ती थांबून त्यांच्या भाषेत काहीतरी फार छान बोलते. एवढ्यात कोणीतरी नावाडी ‘हटिये पंडितजी’ म्हणून दोर फेकतो आणि मी पुन्हा ब्रह्माघाटावर येतो. हे स्वप्न मी शरदिनीला सांगितलं. ती म्हणाली, स्वप्नात एवढं लांब जाता, तर येताना तिथलं दूध तेवढं आणा.

मग बँकेचे फेरे. घर तारण ठेवायचं म्हणून बँकेने घराची किंमत ठरवणारा एक माणूस पाठवला. चांगला टापटीप, हातात टेप, बगलेत फाइल. घर दोन खोल्यांचंच, त्याला मोजून पाव तास लागला, पण तो निघाला तोवर आमच्या दारात सांड येऊन बसला होता. आमच्या गल्लीत दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत, तिथे सांड बसला की गल्ली संपते. आम्ही त्याला उठवलं नाही. शिंदे घाटाकडचा वयस्कर सांड आहे, आपल्या मनाने उठतो. तो माणूस जेवला, वामकुक्षी झाली, चार वाजता चहा झाला, बकुळने त्याला देशादेशांच्या सीमांचे तंटे समजावून सांगितले. सांड उठला तेव्हा त्या माणसाचं मत एवढं अनुकूल झालं होतं की त्याने घराची किंमत माझ्या अंदाजापेक्षा जास्त लावली. फक्त ‘येण्याजाण्याचा मार्ग’ या सदरात काय लिहू, असं तो जाताना विचारत होता.

इथवर सगळं सरळ चाललं होतं. आणि मग बँकेतून निरोप आला की, एवढ्या मोठ्या कर्जाचं काम मोठ्या कचेरीत होतं, मुलीच्या बरोबर कर्जदार म्हणून बापाने जातीने येऊन साहेबासमोर सही करायची. मोठी कचेरी कुठे, तर कचहरीच्या, म्हणजे कोर्टाच्या, बाजूला. वरुणेच्या पलीकडे.

अक्का, तुझ्यापासून काय लपवू, मला आनंद झाला. मी चेहरा कष्टी केला, दोन सुस्कारे टाकले, गंगाजल हातात घेतलेलं आहे, आता माझा इलाज चालत नाही, असं म्हटलं, आणि आतून डोक्यावरची मोळी उतरावी तसं हलकं वाटलं. मी नाही म्हणत नाहीये, वरुणा नाही म्हणते आहे. पोरगी इथेच राहील, दहा मिनिटांवरच्या हॉटेलात जाईल, दुपारी फुकट जेवेल, संध्याकाळी घरी येईल. शरदिनीने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि ती भाजी चिरायला लागली. ती त्या दिवशी फार बारीक चिरली गेली.

बकुळ वाद घालेल म्हणून मी धर्मशास्त्रातले दाखले जमवून ठेवले होते. ते तसेच राहिले. संध्याकाळी बाहेर जाऊन आली, येताना माझ्यासाठी मघई पान घेऊन आली, आणि पुडा माझ्या हातात देऊन पायरीवर शेजारी बसली. हॉटेलात होकार कळवून आले, असं म्हणाली. मी म्हटलं, वा. मग नदीकडे बघत ती म्हणाली, “अण्णा, एवढे लोक काशीला येतात आणि आपली आवडती वस्तू सोडून जातात. मी इथेच जन्मले, म्हणून माझ्याकडून काही सोडायचं राहूनच गेलं होतं.”

चिडून बोलली असती तर मीही चिडलो असतो आणि काम सोपं झालं असतं. पण ती अगदी साधं बोलली, मला बरं वाटावं म्हणून बोलली. पान तोंडात तसंच राहिलं. आणि मला तू आठवलीस. भाऊजींच्या अस्थी घेऊन तू इथे आली होतीस, तेव्हा मी तुला या गावची युक्ती शिकवली होती. अक्का, सगळे यात्रेकरू इथे पडवळ सोडतात, कारलं सोडतात, जे ताटात आलं तर नाक मुरडतात तेच देवाच्या नावाने सोडून मोकळे होतात, तूही पडवळ सोड. तू म्हणालीस, “देवाला काय पडवळाची हौस आहे का रे?” आणि आंबा सोडलास. तू, आंब्याच्या दिवसांत जेवणाऐवजी आंबे खाणारी. मी तुला वेडी म्हटलं होतं. (नंतर कैरीचं लोणचं चालेल का असं तू कार्डावर विचारलंस, आणि ढुंढिराजशास्त्र्यांनी दोन दिवस विचार करून, कैरी ही अजून आंबा झालेली नसते, तेव्हा चालेल, असा निवाडा दिला, तो भाग वेगळा.)

मी काय सोडलं होतं? प्रवास. ज्याचा मला जन्मजात कंटाळा. लग्नकार्यं, जिथे माझे पाय दुखतात. साडूचा मूतखडा. पाच वर्षं मी क्षेत्रसंन्यासी म्हणून मिरवतोय, लोक वाकून नमस्कार करतात, आणि मी सोडलं होतं ते पडवळ. आणि माझं पडवळ टिकावं म्हणून पोरगी तिचा आंबा सोडून आली होती. मला माझी एवढी लाज वाटली, अक्का, की मी ते पान गिळलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नान करून आलो, धोतर बदललं, आणि बकुळला म्हटलं, चपला घाल. कुठे, असं तिने विचारलं नाही. शरदिनीने दारात हातावर दही ठेवलं, म्हणजे तिला माझ्याआधीच ठाऊक होतं. चौकातून ऑटो केला. गोदौलिया गेलं, स्टेशन गेलं, (माझी खिडकी मी वळून पाहिली) आणि वरुणेचा पूल आला. आणि पुलाच्या बरोबर मधोमध रहदारी तुंबली. पुढे ट्रक, मागे वरात, बाजूला म्हशी. ऑटोवाल्याने इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतली.

आता माझी स्थिती बघ. काशीत मेलो तर मोक्ष. पलीकडे मेलो तर जे काय होईल ते. पण पुलाच्या मध्ये मेलो तर? अर्धा मोक्ष घेऊन मी कुठे जाऊ? हा प्रश्न मी मोठ्याने विचारला असावा, कारण बकुळ सांगायला लागली की दोन देशांच्या सरहद्दीवर मधे एक पट्टी असते, ती या देशाची नसते, त्या देशाची नसते, तिथे कोणाचाच कायदा चालत नाही. तिला हे सगळं किती आवडतं, अक्का. हॉर्न वाजताहेत, म्हशी ऑटोत डोकावताहेत, आणि ही हातवारे करून सांगते आहे की नद्यांच्या सरहद्दीत रेघ कुठे मारतात, नदीने पात्र बदललं तर काय करतात. मी खाली वरुणा पाहिली. काळसर, बारीक, काठाला धुणी वाळत घातलेली. हिला घाबरून मी पाच वर्षं बसून होतो. आणि तेवढ्यात ऊन पाण्यावर पडलं आणि ती काळी वरुणासुद्धा घटकाभर चमकली. मला वाटलं, ही मला हॉलंडचा कालवाच दाखवते आहे, बकुळ आता सायकलवरून येईल. पण बकुळ शेजारीच होती. पुढचा ट्रक हलला, आणि मी, कसे कोण जाणे, पाय वर उचलून घेतले. लहानपणी रेल्वेच्या पुलावरून जाताना तू मला पाय वर घ्यायला लावायचीस, तसे. पलीकडे गेल्यावर बकुळने हळूच सांगितलं, अण्णा, टेका आता.

कचेरीत मॅनेजरबाई होत्या, विशूच्या वयाच्या असतील. त्यांनी सगळे कागद पुन्हा वाचले, या शिक्षणानंतर पगार किती, असं विचारलं. बकुळने आमचं उशिराचं वेळापत्रक त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते रकान्यांवरून बोट फिरवत वाचलं. सगळे जण इथे पगार फुगवून दाखवतात, निम्मा करून आणणारे तुम्ही पहिलेच, असं म्हणाल्या. मग पेन माझ्यापुढे केलं आणि सरळ विचारलं, लड़की वहीं रह गई, तो?

हाच प्रश्न होता, अक्का. मोक्ष, वेस, वरुणा, सगळ्याच्या खाली हाच बसला होता, आणि बँकेतल्या बाईंनी तो पैशापुरता विचारला.  मी म्हटलं, “पैसा तो आपका लौट आएगा. बाकी हिसाब हमारा है.” आणि सही केली. बकुळ खिडकीबाहेर बघत होती. तिचे डोळे मला दिसले नाहीत, नाक तेवढं लाल दिसलं.

बकुळ हॉटेलात दिलेला होकार परत घ्यायला गेली, आणि मी आलो तो तडक ढुंढिराजशास्त्र्यांकडे. संकल्प मोडला, प्रायश्चित्त सांगा. त्यांनी पंचगव्य, स्नान आणि दक्षिणा असं बेताचं सांगितलं. (दक्षिणा बेताची नव्हती.) आणि म्हणाले, वेस आता मोकळी झाली नरहरराव, पण संकल्प रिकामा ठेवू नये, या खेपेला मनापासून प्रिय असलेलं काहीतरी सोडा. मी घाटावर गुडघाभर पाण्यात उभा. ओंजळीत पाणी. पान सोडावं का? मलई? दुपारची झोप? एकेक आठवत गेलो आणि तोंडातून भलतंच निघालं. मी म्हटलं, लेक डोळ्यांसमोर असावी हा हट्ट सोडला. शास्त्रीबुवा थबकले. त्यांचेही दोघे मुलगे बंगलोरला आहेत, दिवाळीलासुद्धा येत नाहीत. तोवर माझ्या ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळून गेलं होतं, त्यांनी पुन्हा घालून दिलं आणि मंत्र म्हटला. वर आल्यावर पंचा पिळता पिळता मी त्यांना विचारलं, फोन चालेल का? या खेपेला त्यांना दोन दिवस लागले नाहीत. म्हणाले, कैरी चालते, तर फोनही चालतो.

माघात बकुळ निघेल. विमान बाबतपूरहून, तेही वरुणेच्या पलीकडेच. मी जाणार आहे सोडायला. पत्र लांबलं. विशूस आणि सूनबाईंस आशीर्वाद, मांजरीस माझी आठवण. शरदिनी तुझ्या पायांना हात लावते आहे (म्हणजे तिने तसं लिहायला सांगितलं आहे, ती आत आहे). लोभ आहेच, तो गुडघ्यांसारखा दुखता ठेवू नकोस.

तुझा,
नरहर

ता. क. वेस मोकळी झाली म्हटल्यावर रेल्वेचा पासही आठवला, जो दर वर्षी फुकट जातो म्हणून तू मला बोलतेस. तेव्हा मी भाऊबीजेला इंदूरला येतो आहे. विशूच्या लग्नाचं जे काही बोलायचं राहिलंय ते समोर बसवून बोल, मी मान खाली घालून ऐकेन. आता एक. बँक म्हणते, शेकडा पंधरा तुमच्या खिशातले घाला. मी आणि शरदिनीने सगळे डबे झटकले तरी दीड लाख कमी पडतात. भाऊजींची ठेव या महिन्यात पिकते, असं तूच गुडघ्यांच्या वरच्या ओळीत लिहिलं होतंस. (ती ओळ पुसली गेली नाही.) तेव्हा या वर्षी ओवाळणी उलट्या दिशेने गेली तर तुझी काही हरकत नाही ना? मी तबकात रुपया घालीन. बकुळने आपल्या वेळापत्रकात फेडीचं पहिलं स्टेशन इंदूर लिहिलंय, बँक त्यानंतर. उशिराने धरून, अर्थात.

ता. क. दुसरी. आत्ताच बँकेतून त्या मॅनेजरबाईंचा फोन आला. एक सही राहिली आहे, ती करायला चौकातल्या शाखेत या म्हणाल्या, तिथेच होईल. चौक म्हणजे घरून पाच मिनिटं. मी विचारलं, मग पहिली सहीसुद्धा तिथे झाली असती का? त्या म्हणाल्या, हो, त्या दिवशी सकाळी तुमच्या मुलीने कर्ज नको म्हणून फोन केला तेव्हाच मी तिला सांगितलं होतं. मी बकुळकडे पाहिलं. ती म्हणाली, अण्णा, तुम्ही चपला घाल म्हणालात तेव्हा चौक म्हणायचा मला धीरच झाला नाही. शरदिनी आतून हसते आहे. हसू दे.

ता. क. तिसरी आणि शेवटची. पत्र टाकायला निघालो आणि पाय आपोआप स्टेशनकडे वळले. माझ्या जुन्या खिडकीसमोर रांगेत उभा राहिलो. जन्मात पहिल्यांदा त्या बाजूने. आत कोणी नवीन बाई होत्या. मी विचारलं, इंदूरची गाडी कुठल्या फलाटावर लागते? त्यांनी वर न बघता जो फलाट सांगितला तो साफ चुकीचा होता. मी तो सुधारला नाही, अक्का. अच्छा, म्हटलं, आणि तिथे जाऊन बाकावर बसलो. रुळांवर ऊन पडलं होतं. गाडी तिथे येणार नव्हती हे मला ठाऊक होतं, पण कुठेतरी जायचं आहे म्हणून बसायला किती बरं वाटतं, ते मला इतकी वर्षं कोणी सांगितलंच नव्हतं.